गादी सरकली म्हणजे काय झालं?

आमच्या झाडीपट्टीत आषाढाचा पाऊस लागला, की बांध्या भरतात आणि रोवणा सुरू होतो. बाहेरच्या पाहुण्याला हे दृश्य फार आवडतं. हिरवेगार पऱ्हे, घोटा बुडेल एवढा चिखल, ओळीनं वाकलेल्या बाया आणि त्यांची गाणी. मी गडचिरोली जिल्ह्यातच वाढलो. त्यामुळे मला त्या चित्रात आधी दिसतात त्या वाकलेल्या कमरा. सकाळी वाकलेली बाई दुपारच्या जेवणाला सरळ होते आणि पुन्हा वाकते ती दिवस मावळेपर्यंत. असे तीन-चार आठवडे.

२०११ च्या रोवण्यात माझी वहिनी अशीच वाकली आणि तिला सरळ होता येईना. बांधावर आणून बसवलं. "भाऊजी, कंबर धरली जी. उभंच होता येत नाही," असं तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. कंबर धरणं, उसण भरणं, चमक निघणं हे शब्द आमच्याकडे सर्दी-पडशाइतके रोजचे. घरातल्यांनी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळलं. गावातला एक पायाळू माणूस, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, बोलावून त्याच्याकडून कमरेला हलकी लाथ मारून घेतली. तेही झालं. पण आठवड्यानं दुखणं कमरेतून निघून डाव्या पायात उतरलं. मांडीच्या मागून, पोटरीतून, थेट टाचेपर्यंत. "करंट मारल्यावानी," असं ती म्हणायची.

महिन्यानं दादानं तिला नागपूरला नेलं. पावणेदोनशे किलोमीटर एसटीनं, दर धक्क्याला कळ सोसत. तिथं एमआरआय झाला. रिपोर्ट इंग्रजीत होता. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या चकत्या फुगल्या आहेत, असा त्याचा मथितार्थ. 'गादी सरकली आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पाय जाईल,' असं त्यांना सांगण्यात आलं. सरकारी जीवनदायी योजना आमच्या जिल्ह्यात आली ती पुढच्या वर्षी, २०१२ च्या जुलैत. तेव्हा सगळा खर्च खिशातून. रात्री दादाचा फोन आला, "बैलजोडी काढून टाकतो, अन् एक एकर गहाण ठेवतो. तू काय म्हणतो?"

मी इतिहासाचा मास्तर. वैद्यकाचं मला काय कळणार? पण 'पाय जाईल' हे शब्द ऐकून माणूस कसा हादरतो, ते मी स्वतः अनुभवलं होतं. मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत मी एक गोष्ट केली, जी मला येते. या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला. पुढे तो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. आकाशवाणीवर बोलायचं ठरलं तेव्हा हाच विषय निवडला, याचं कारण तेच.

आधी ही चकती म्हणजे काय ते पाहू. आपल्या पाठीच्या कण्यात मान ते माकडहाड या दरम्यान २३ चकत्या असतात, दोन मणक्यांच्या मध्ये एकेक. कण्याच्या उंचीतला साधारण चौथा हिस्सा या चकत्यांचाच. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक चिवट तंतूंचे वेढे आणि आत पाण्यानं भरलेला लिबलिबीत गर. दिवसभर उभं राहिल्यानं, ओझ्यानं त्यातलं पाणी थोडं पिळलं जातं, रात्री झोपेत ते परत शोषलं जातं. म्हणून आपण सर्व जण सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. मोठ्या माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच. दाब पडणं आणि सुटणं या उघडझापीतूनच तिचं पोषण चालतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग. गादी सरकत नाही. ती दोन्ही बाजूंच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, उंची कमी होते. हवा कमी झालेल्या सायकलवर कोणी बसलं की टायर चहूकडून फुगतो, तशी ती कडांनी फुगते. हा झाला बल्ज. टायर फाटून आतली ट्यूब एका जागी बाहेर डोकावली, तर तो निराळा प्रकार. तिथं गर वेढे फोडून बाहेर येतो. कधी त्याचा तुकडा पार सुटून मज्जातंतूशेजारी पडतो. नावात नाव असल्यानं हे सगळे प्रकार आपल्याकडे एकाच 'गादी'त जमा होतात. आणि 'मणक्यात गॅप आला' हे तर अगदीच उलट. चकती बसली की गॅप कमी होतो. तरी गावोगावी लोक गॅप 'आल्याचे' सांगतात आणि औषध देणारेही मान डोलावतात.

कमरेतून पायात उतरणारी कळ मात्र माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत तिला गृध्रसी म्हटलं आहे. गृध्र म्हणजे गिधाड. हे नाव का पडलं याचे निरनिराळे अर्थ लावले जातात. कुणी म्हणतात, गिधाड लचके तोडतं तशी वेदना. कुणी म्हणतात, रोगी गिधाडासारखा खुरडत चालतो म्हणून. चरकानं या कळेची वाट क्रमानं सांगितली आहे. नितंब, कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. वहिनीनं बोटानं दाखवलेली वाट तीच होती. सुश्रुतानं आणखी एक नेमकी खूण नोंदवली. या रोगात पाय वर उचलायला अडचण होते.

या खुणेला युरोपात पुन्हा सापडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तत्पूर्वी १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योनं, ही कळ सांध्याची नसून मज्जातंतूची आहे, हे पहिल्यांदा स्पष्ट वेगळं काढून दाखवलं. नंतर पॅरिसमध्ये शार्ल लासेग या वैद्याच्या शिष्यानं, फोर्स्टनं, १८८१ मध्ये एक साधी परीक्षा लिहून ठेवली. रोग्याला उताणं निजवा, गुडघा न वाकवता पाय उचला. मज्जातंतू ताणला गेला की कळ येते. आजही जगातला प्रत्येक डॉक्टर ही परीक्षा करतो आणि तिला लासेगचं नाव आहे. पण याच्या एक वर्ष आधी, १८८० मध्ये, बेलग्रेडच्या लाझा लाझारेविचनं तीच परीक्षा नीट कारणासकट छापली होती. त्यानं ती छापली सर्बियन भाषेत. जगानं वाचलीच नाही. हा लाझारेविच सर्बियन भाषेतला मोठा कथालेखकही होता. मातृभाषेत लिहिल्याची ही किंमत वाचून माझ्यातल्या मराठी माणसाला जरा वाईट वाटलं, हे कबूल करतो.

कळ मज्जातंतूची हे कळलं. पण मज्जातंतू दुखावतो कशानं? इथं मोठी गंमत झाली. १९०८ मध्ये बर्लिनमध्ये फेडोर क्राउझे या शल्यविशारदानं, ओपेनहाइम या मज्जाविकारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून, एका रोग्याच्या कमरेतून एक गाठ काढली. रोगी बरा झाला. गाठ तपासली तर कूर्चेची निघाली. दोघांनी निष्कर्ष काढला, ही कूर्चेची अर्बुद, म्हणजे ट्यूमर. ती प्रत्यक्षात बाहेर आलेल्या चकतीचा तुकडा होती. चकती हातात होती, पण डोळ्यांना दिसली नाही. पुढे २५ वर्षं अनेक शल्यविशारदांनी अशा 'गाठी' काढल्या, बाटलीत ठेवल्या, वर ट्यूमरची चिठ्ठी लावली. १९२९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडीनं दोन रोग्यांवरून, हा चकतीचाच सुटा तुकडा आहे, असं लिहिलंही. फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आलं बोस्टन आणि १९३२ साल. बर्फावर घसरण्याच्या खेळात पडलेला एक तरुण पाय दुखतो म्हणून जोसेफ बार या अस्थिरोगतज्ज्ञाकडे आला. शस्त्रक्रिया केली विल्यम मिक्स्टरनं. पुन्हा एक 'ट्यूमर' निघाला. पण या वेळी बारला शंका आली. त्यानं तो तुकडा निरोगी चकतीशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला. मग दोघांनी रुग्णालयातल्या जुन्या बाटल्या काढल्या, चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि पुन्हा तपासल्या. बऱ्याचशा 'ट्यूमर' चकत्याच निघाल्या. २ ऑगस्ट १९३४ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९ रोग्यांची हकिगत त्यांनी छापली. इतिहासाच्या मास्तराला या गोष्टीत विशेष आनंद होण्याचं कारण उघड आहे. हा शोध नव्या यंत्रानं लागला नाही, जुनं दप्तर पुन्हा वाचून लागला.

आणि इथूनच पुढची चूक सुरू झाली. कारण सापडलं म्हटल्यावर प्रत्येक कंबरदुखी चकतीच्या खात्यावर लिहिली जाऊ लागली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांना काही अभ्यासकांनी 'चकतीची राजवट' असंच नाव दिलं आहे. शस्त्रक्रिया वाढल्या. ज्यांची कळ पायात होती त्यांतल्या अनेकांना आराम पडला. ज्यांची फक्त कंबर दुखत होती, त्यांना बहुतेक नाही. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली नाही, त्यांना अंथरुणात टाकण्यात आलं.

त्यांपैकी मी एक. १९८७ मध्ये उत्तरपत्रिकांची ट्रंक उचलताना माझी कंबर गेली. डॉक्टरांनी सहा आठवडे फळीवर झोपायला सांगितलं. पायाला पट्टे, पट्ट्याला दोरी, दोरीला विटा. उठायचं फक्त शौचासाठी. मी आज्ञाधारक माणूस. सहा आठवड्यांनी उठलो तेव्हा दुखणं थोडं कमी होतं, पण मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या आणि वाकायची एवढी भीती बसली होती की दोन वर्षं मी चपलेचा पट्टा दुसऱ्याकडून लावून घेतला. त्या डॉक्टरांना दोष देत नाही, तेव्हा जगभर हेच चालत होतं. पण १९९५ मध्ये हेलसिंकीत नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. नुकतीच कंबर धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना सांगितलं, सोसेल तेवढं रोजचं काम करत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते शेवटचे. दोन दिवसांच्या विश्रांतीनंही उशीर झाला. मी ४२ दिवस झोपलो होतो! चकती दाबातून आणि हालचालीतून पोसली जाते, हे मघाशी सांगितलं, त्याच्याशी हे जुळतंच. वजनं लावून ओढण्याच्या उपायाची पुढे जी पडताळणी झाली, तीतही त्याचा म्हणावा असा फायदा दिसला नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या परसातल्या पपईची आहे. पपईच्या चिकानं मटण लवकर शिजतं हे आपल्या बायकांना ठाऊक असतं. त्या चिकातून १९४१ मध्ये कायमोपपेन नावाचा पाचक पदार्थ वेगळा काढण्यात आला. १९५६ मध्ये लुइस थॉमस या अमेरिकन संशोधकानं सशांच्या शिरेत पपईचा पाचक रस टोचला, तर त्यांचे ताठ कान कुत्र्याच्या पिल्लासारखे लोंबायला लागले. कानातली कूर्चा मऊ पडली होती. ते वाचून लायमन स्मिथ नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाला सुचलं, हाच रस चकतीत टोचला तर? १९६३ मध्ये त्यानं तो माणसाच्या चकतीत टोचलाही. बाहेर आलेला गर विरघळवायचा, चिरफाड नको. १९८२ मध्ये अमेरिकी सरकारनं परवानगी दिली आणि हजारो लोकांनी हे इंजेक्शन घेतलं. पुष्कळांना गुण आला. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, क्वचित कुणाचे पाय लुळे पडले. २००३ च्या सुमारास कंपनीनं उत्पादनच थांबवलं. पपई मटणातच बरी, असं म्हणायचं.

खरा धक्का बसला तो एमआरआय आल्यावर. हाडापलीकडची चकती, तिच्यातलं पाणी, शेजारचा मज्जातंतू, सगळं स्वच्छ दिसू लागलं. आता शंकेला जागा उरणार नाही असं वाटलं. मग १९९४ मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी एक खट्याळ म्हणावा असा प्रयोग केला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले. ५२ टक्के लोकांत एक तरी चकती फुगलेली होती. २७ टक्के लोकांत ती एका जागी बाहेर डोकावत होती. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले निघाले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० बिनदुखण्याच्या माणसांची एकत्र मोजदाद झाली. विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांची चकती फुगलेली. म्हणजे केस पांढरे होण्यासारखंच हे.

मी हे पहिलं टिपण वाचलं ते त्या आठ दिवसांत. वहिनी पन्नाशीची होती. आयुष्यभर धान रोवलेलं, मोहफुलं वेचलेली, तेंदूपत्त्याचे आणि सरपणाचे भारे वाहिलेले. तिच्या चकत्या फुगलेल्या नसत्या तरच नवल. रिपोर्टात जे लिहिलं होतं ते खरं होतं. पण तेच तिच्या कळेचं कारण आहे का, आणि असलं तरी त्याला कापावं लागेल का, हे रिपोर्ट सांगत नव्हता. ते सांगायला माणसानं माणसाला तपासावं लागतं.

म्हणून मी दादाला म्हटलं, जोडी विकू नको, आधी आणखी एकाला दाखवू. ओळखीचे एक अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, वहिनीला निजवून पाय उचलला, अंगठा वर ओढायला लावला, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. मग लघवीबद्दल, शौचाबद्दल, बसायच्या जागेवर बधिरपणा आहे का, असे प्रश्न विचारले. वहिनी लाजून दादाकडे पाहायला लागली. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही." सगळं ठीक होतं. पायात ताकद होती. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, रोज थोडं थोडं चालायला सांगितलं, काही व्यायाम शिकवले आणि सहा आठवड्यांनी बोलावलं.

आणि ती बरी झाली. लगेच नाही. दिवाळीपर्यंत पायातली कळ गेली, कमरेचं दुखणं मात्र अधूनमधून राहिलं. दैवानं साथ दिली असं दादा म्हणतो. दैवाचा वाटा मी नाकारत नाही, पण आकडे त्याच बाजूचे आहेत. मज्जातंतूला त्रास होतो तो नुसत्या दाबानं नव्हे. गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९९३ मध्ये डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की चकतीतला गर मज्जातंतूवर नुसता ठेवला, दाब दिला नाही, तरी तंतू बिघडतो. त्या गराची आग होते. ती आग शमली की कळ शमते, फुगवटा तिथंच राहिला तरी. शिवाय बाहेर पडलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं. आश्चर्य म्हणजे तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितका तो जास्त हमखास विरघळतो. २०१५ च्या एका आढाव्यात पार सुटलेले तुकडे ९६ टक्के वेळा आटल्याचं दिसलं, नुसते फुगवटे मात्र १३ टक्केच. ज्या चित्रानं माणूस जास्त घाबरतो, तेच बऱ्याचदा आपोआप पुसलं जातं.

मग शस्त्रक्रिया कुणासाठी? नेदरलँड्समध्ये २८३ रोग्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सगळ्यांच्या पायात दीड ते तीन महिने तीव्र कळ होती. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना थांबवलं. शस्त्रक्रियेच्या गटाला बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी वर्षभरात कंटाळून शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. पण वर्ष संपताना दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे होते. शस्त्रक्रियेनं वेळ वाचतो, असा याचा अर्थ. ज्याला कळ सोसवत नाही, ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याला ते दोन महिने फार मोलाचे असू शकतात. निर्णय त्याचा. सूक्ष्मदर्शकातून लहान छेद देऊन चकतीचा तुकडा काढण्याचं तंत्र १९७७ पासून रुळलं, आता ती शस्त्रक्रिया पूर्वीसारखी भीतीदायकही राहिलेली नाही. आपल्याकडे मणक्याच्या शस्त्रक्रियेचं नाव निघालं की गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी आठवतात. दोन मणके सांधण्याचं तंत्र त्यांनी मुंबईत रुजवलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'ताठ कणा' आहे. पण सांधणं हा फुगलेल्या चकतीवरचा उपाय नव्हे, हेही इथंच सांगितलेलं बरं.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नसतं, घड्याळ पाहायचं असतं. आमच्या शेजारच्या गावात राइस मिलवर हमाली करणारा एक तरुण होता. धानाचं पोतं पाठीवर घेताना कट्‌कन आवाज झाला म्हणाला. संध्याकाळी दोन्ही पाय जड. दुसऱ्या दिवशी लघवी होईना, बसायच्या जागेला चिमटा काढलेला कळेना. घरच्यांनी आधी पायाळू शोधला, मग कमरेला बिब्ब्याचे डाग दिले. तिसऱ्या दिवशी पोट तट्ट फुगल्यावर गाडी केली. कण्याच्या टोकाशी मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटासारखा झुपका असतो. तोच पूर्ण चेपला गेला होता. शस्त्रक्रिया झाली, तो चालतो. पण लघवीसाठी त्याला आजही दिवसातून चारदा नळी घालावी लागते. वय तेव्हा एकतीस. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल एकदम लुळं पडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथं एमआरआय हवाच, आणि शस्त्रक्रियाही तासांचा हिशेब करून.

वहिनीला शस्त्रक्रिया नको होती आणि तिच्यासाठी जमीन गहाण पडणार होती. त्या पोराला ती हवी होती आणि त्याच्या कमरेला डाग दिले गेले. दोघांच्या गावांमध्ये अंतर सात किलोमीटर.

हे दुखणं जंगल जिल्ह्यात किती खोल आहे, याची मोजदाद व्हायलाही वेळ लागला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. ती जगाला ठाऊक आहे बालमृत्यूंच्या कामासाठी. त्याच शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मणक्याचे रोगी तपासायला, गरज पडेल तिथं शस्त्रक्रिया करायला येऊ लागले. या मंडळींनी मिळून जिल्ह्यातल्या दोन गावांत घरोघर जाऊन पाहणी केली. ती २०२१ मध्ये छापून आली. गावातल्या बहुसंख्य प्रौढांना पाठीचं किंवा हातापायांचं दुखणं होतं आणि पुष्कळांचं त्यापायी काम अडत होतं. कंबरदुखी हा खुर्चीत बसणाऱ्या शहरी बाबूंचा रोग, या समजुतीला त्यातून चांगलाच छेद गेला. आपल्या सरकारी आरोग्य योजनांच्या याद्यांत हिवताप आहे, क्षय आहे, बाळंतपण आहे. रोवणाऱ्या बाईची कंबर त्यात कुठं आहे, हे मी शोधत असतो.

गोथेनबर्गच्याच आल्फ नाकेमसननं १९६० च्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. निजलेलं असताना सर्वांत कमी. पुढे वाकून हातात वजन असताना सर्वांत जास्त. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. "सुई टोचून पाहा लागते का त्याले? मले विचारायचं."

ती आजही शेतात जाते. रोवण्यात दिवसभर वाकत नाही, तासाभरानं सरळ होते, बांधावर फेरी मारते. सुरुवातीला बाकीच्या बाया हसायच्या, आता त्यांतल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर उठतात. आणि गेल्या काही वर्षांपासून तिनं दादाच्या मागे लागून तीन बांध्या रोवण्यातून काढल्या आहेत. तिथं पऱ्हे लावायचे नाहीत, आवत्या टाकायचा, म्हणजे धान सरळ फोकून पेरायचं. आवत्याला निंदण जास्त आणि उतारा कमी. दादा दरवर्षी मळणीच्या वेळी कुरकुरतो, किती पायल्या घटल्या ते बोटं मोडून सांगतो. वहिनी ऐकून घेते आणि पुढच्या मृगाला त्या तीन बांध्यांसाठी बी वेगळं काढून ठेवते.